येऊनच राह्यलो, ताई

आमच्या घराची खालून दुसरी पायरी हलत होती, एवढंच झालं होतं. पाय पडला की ती एका बाजूला कलायची आणि खालून टक् असा आवाज यायचा. मला त्या आवाजाची सवय झाली होती. सकाळी ड्यूटीवर निघताना टक्, संध्याकाळी परत येताना टक्. पण आईचे गुडघे गेलेले. तिला त्या पायरीवर दर वेळी भिंतीला हात लावून थांबावं लागायचं, आणि थांबली की ती आधी पायरीला शिव्या द्यायची, मग मला.

"थोडसं शिमिट आन अन् दे खालून भरून," ती म्हणायची. "तुहा बाप असता तं दुपारलोक झालं असतं."

मी बसवर कंडक्टर आहे. मंगरूळपीरहून शेलूबाजार, शेलूबाजारहून वाशीम, आणि परत. दिवसभर माणसांना पुढे सरका, पाय आत घ्या म्हणून ओरडणं हा माझा धंदा. भर रस्त्यात दारुड्याला गाडीतून खाली उतरवून दिलंय मी. त्यामुळे एका हलत्या पायरीची मला काही भीती नव्हती. पण माझं एक ठाम मत होतं आणि मी ते कुणी विचारो न विचारो, सांगत असे. ज्याचं काम त्यानं करावं. ड्रायव्हरनं तिकीट फाडू नये आणि कंडक्टरनं स्टेअरिंगला हात लावू नये. पायरी मिस्त्रीची, तर मिस्त्रीच बोलवायचा.

मिस्त्री शेलूबाजारचा होता. माझ्या गाडीनं नेहमी यायचा. गळ्यात रुमाल, मांडीवर अवजारांची पिशवी, बोलणं गोड. मुख्य म्हणजे तिकिटाचे सुटे पैसे आधीच हातात काढून ठेवायचा. कंडक्टरला माणसाची पारख सुट्ट्या पैशांवरून करायची खोड असते. ती फार वाईट खोड आहे, हे मला या प्रकरणात कळलं.

तो आला. पायरीवर उभा राहून जरासा झुलला. मग थापीच्या दांड्यानं ओट्यावर ठोकत ठोकत दारापर्यंत गेला, कान लावला आणि तोंडानं च् च् केलं.

"ताई, पायरीचं कायीच नाही," तो म्हणाला. "ओटाच खालून पोकळा झाला. वरतून लिपलं तं एखांद्या दिवशी आजी ओट्यासकट नालीत जाईन. हे सारं काढा लागते."

"सारं?"

"सारं. दोन दिवसाचं काम हाय. तुमी कायले टेन्शन घेता?"

आई दारात उभी राहून ऐकत होती. "मी म्हनत व्हती ना, थोडसं शिमिट..." तिनं सुरू केलं, तेवढ्यात मीच तिला गप्प केलं. मिस्त्री बोलत असताना घरच्यांनी मध्ये बोलू नये, असा माझा तेव्हा समज होता.

दुसऱ्या दिवशी तो एक मजूर घेऊन आला आणि दुपारपर्यंत सगळं फोडून मोकळा झाला. आमच्याकडे ओटा नालीवरच बांधलेला असतो. ओटा गेला की खाली उघडी नाली. दार उघडलं की उंबरा, आणि उंबऱ्याखाली माझ्या कमरेएवढा खोल खड्डा, त्यात काळं पाणी, विटांचे तुकडे. पलीकडे रस्ता. शहाबादी फरश्या त्यानं भिंतीला नीट टेकवून ठेवल्या, त्याचं मला कौतुक वाटलं. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत एक उतरती फळी टाकली. मग थापी, ओळंबा, घमेलं असं आपलं सगळं सामान आमच्या समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात मांडलं, वरून सिमेंटचं रिकामं पोतं झाकलं, आणि म्हणाला, "सामान इथंच राहू द्या ताई. उद्या सकाळीच येतो."

मला वाटलं, बघा, माणूस किती विश्वासानं आपलं सामान ठेवून गेला.

आमचं घर ओळीतलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या, मागे न्हाणी आणि न्हाणीमागे दुसऱ्याची भिंत. आत यायला आणि बाहेर जायला ते एकच दार. त्या संध्याकाळी मी आईला फळीवरून उतरवायचा प्रयत्न केला. मी पुढे, तिचे दोन्ही हात माझ्या हातात. मधोमध आल्यावर फळी लवली. आई थांबली, डोळे मिटले आणि तशीच उलट्या पावलांनी, एक अक्षर न बोलता, उंबऱ्यावर परत गेली. आई शिव्या देते तोवर काळजी नसते. ती गप्प झाली म्हणजे भ्याली.

उतरायचं कुठे होतं, तर समोर. रस्त्याच्या पलीकडे खाला राहायची, आमची मुसलमान शेजारीण; लहानपणापासून मी तिला मावशीच्या नात्यानं खालाच म्हणत आले. तिच्या नवऱ्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, आता मुलगा चालवतो. खाला आणि आई या गल्लीत एकाच वर्षी नव्या सुना म्हणून आल्या. दोघी एकमेकींना भाभी म्हणायच्या आणि रोज दुपारी आमच्या ओट्यावर बसायच्या. कधी मेथी निवडायची, कधी खालाच्या मुलानं आणलेल्या कापसातली सरकी वेचायची, आणि काहीच नसलं तर सुनेबद्दल आणि माझ्याबद्दल बोलायचं. सुनेबद्दल खाला बोलायची. माझ्याबद्दल दोघी.

ओटा गेला तसं ते बसणं गेलं. पहिले काही दिवस खाला रस्त्यावर उभी राहायची आणि आई उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायची. मधे खड्डा. मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि खालाला दमा. दोन वाक्यं झाली की ती कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची, आणि आई इकडून ओरडायची, "बस व माय, तू नको बोलू, मीच बोलते." मग आई एकटीच बोलायची आणि खाला मान हलवायची. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून खालाला बाजूला करायचे.

मी रोज फोन करायची. तो रोज उचलायचा, हे विशेष. न उचलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

"कुठं आहे तुमी?"

"येऊनच राह्यलो, ताई."

बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्या वऱ्हाडात येऊन राह्यलो म्हणजे निघालोय, वाटेत आहे, आत्ता पोचतोच. आमच्या डेपोत कोल्हापूरकडचा एक नवा बाबू होता. त्यानं एकदा माझ्या फोनवरचा तो आवाज ऐकला आणि आनंदानं म्हणाला, "आला की मग! येऊन राहिलोय म्हणतोय." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा माझ्या फोनच्या वाटेला गेला नाही. पण त्याचं ऐकून माझ्या डोक्यात ते शब्द अडकले. आमच्या भाषेत माणूस न येता येऊन राहू शकतो, आणि पाहिजे तेवढे दिवस राहू शकतो.

कारणं होती. रेती बंद होती. मग मजूर सोयाबीन काढायला गेला. मग मजूर आला तर मेव्हणीचं लग्न आलं. आणि दर वेळी फोन ठेवताना ते "येऊनच राह्यलो". मी इकडे फळीवरून वरखाली करत होते. गॅसवाला सिलिंडर रस्त्यावरच ठेवून जायचा, म्हणायचा, "मी नाही जात त्या फळीवरून, माह्या घरी लेकरं हायेत." भाजीवाली बाई खालून मेथीची जुडी वर फेकायची आणि आई दारात पदर पसरून झेलायची. गल्लीला ती गंमत झाली होती. आईला नव्हती.

एकदा वाशीमहून परत येताना शेलूबाजारला तो मला दिसला. हायवेच्या कडेला कुणाच्या तरी दुसऱ्या मजल्याला बांबू लावून प्लास्टर करत होता. मी खिडकीतून अर्धी बाहेर निघाले.

"ओ मिस्त्री! माह्या मायनं किती दिवस घरात कोंडून राहाचं?"

सगळी गाडी माझ्या बाजूनं झाली. एक म्हातारी म्हणाली, "खालून बांबू ओढ त्याचा." तो वरूनच हसला, प्लास्टरनं भरलेला हात छातीवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "ताई, तुमच्याचकडं येऊन राह्यलो!"

मला उतरून त्याची मानगूट धरावीशी वाटली. पण गाडीची वेळ ठरलेली असते, आत माणसं भरलेली असतात. माझ्याच हातानं मला दोन घंट्या द्याव्या लागल्या, आणि गाडी निघाली.

तेव्हा मी दुसरा मिस्त्री पाहायचं ठरवलं. गावातलाच एक आला. रस्त्यावर उभा राहून त्यानं खड्डा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कोनाचा हात हाय?" मी सांगितलं. मग त्यानं मान उंच करून आत पाहिलं. कोपऱ्यातलं पोतं आणि पोत्याखालून निघालेला थापीचा दांडा त्याला दिसला.

"त्याचं सामान पडून हाय, बाई," तो म्हणाला. "सामान हाय तवर काम त्याचं. आज म्या इथं हात लावला, तं उद्या तो माह्या कामावर लावीन."

दुसऱ्या एकानं तर यायची तसदीही घेतली नाही. फोनवरच विचारलं, "सामान उचललं का त्यानं?" नाही म्हटल्यावर फोन ठेवला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो विश्वासानं काही ठेवून गेला नव्हता. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसा हा रुमाल होता. माझी अर्धी नोकरी रुमालावरची भांडणं सोडवण्यात गेली आहे. आणि इथे माझ्याच घरात रुमाल टाकून माणूस दुसऱ्याच गाडीत जाऊन बसला होता.

मी ते सामान पिशवीत भरलं आणि ड्यूटीवर जाताना सोबत नेलं. शेलूबाजारला तो फाट्यावरच भेटला. पिशवी त्याच्या पुढ्यात ठेवली, म्हटलं, "हे घ्या अन् आमाले मोकळं करा." तो लाजल्यासारखं हसला. "असं काहून करता ताई? उद्या तं मी येऊनच राह्यलो." पुढे काही बोलायच्या आत ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. संध्याकाळी घरी पोचले तर पिशवी माझ्या आधी पोचलेली. त्यानं ती एका जीपवाल्याच्या हाती पाठवून दिली होती, आणि आईनं ती परत त्याच कोपऱ्यात ठेवून वर पोतं झाकलं होतं.

"लोकाइचं सामान हाय," ती म्हणाली. "खराब व्हईन."

त्या दिवशी मला खरोखर कोंडल्यासारखं झालं. आई घरात अडकली होती, मी बसमध्ये, आणि आम्हा दोघींना अडकवणारा माणूस तेवढा मोकळा फिरत होता.

थंडी वाढली तशी खाला अंथरुणाला खिळली. रस्त्यावर येणं बंद झालं. आई उंबऱ्यात बसून समोरच्या दाराकडे पाहत राहायची. मी घरी आले की पाणी विचारायच्या आधी, "जाऊन पाह्यलं का तिले?" मी फळीवरून उतरून जायची, पाहून यायची, सांगायची. खाल्लं का, किती खाल्लं, झोपली कशी. एवढ्याशा रस्त्यापलीकडची खबर मी टपाल आणल्यासारखी आणायची.

मी म्हटलं, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. खालाचा मुलगा आहे, शेजारचे दोघं आहेत. आई हे ऐकताच एकदम चिडली.

"चौघं जन उचलून घराबाहेर नेतात तवा मानूस वापस येत नाही," ती म्हणाली. "या घरात मी माह्या पायानं आली. जाईन तं माह्या पायानं."

"माय, खुर्ची आहे ती, तिरडी नाही!"

"मले शिकवू नको."

मी खूप बोलले. नको ते बोलले. तिनं पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळून बसली. मी फळीवर जाऊन उभी राहिले, कारण घरात चिडून निघून जायलाही दुसरी जागा नव्हती.

मग एका संध्याकाळी खालानं मला जवळ बोलावलं. तिची सून उशाशी बसली होती. खालाचा आवाज अगदी बारीक झाला होता आणि मधेच तिचं भान कुठल्या कुठे जायचं. तिनं माझा हात धरला.

"बेटी, भाभी रुसली का माह्यावर?"

"नाही व खाला. रुसते कायले?"

"मंग येत काहून नाही?"

मी ओट्याचं सांगितलं, खड्ड्याचं सांगितलं. तिची सून म्हणाली, "रोजच सांगतो आमी, पन याद नाही राहत त्याइले." खालानं सगळं ऐकून घेतलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. "माह्यं काही चुकलं का? तिले म्हना, माफ कर."

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिच्या हातावर थापटलं आणि म्हटलं, "येऊन राह्यली, खाला. माय येऊनच राह्यली."

ते शब्द माझ्याच तोंडून मी ऐकले. तोच सूर, तेच गोड बोलणं. खालानं समाधानानं डोळे मिटले. विश्वास ठेवला तिनं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि या वेळी राग मिस्त्रीवर नव्हता.

घरी येऊन मी आईला खालाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. माफ कर म्हणाली, हेही. आई खुर्चीला धरून उठली, उंबऱ्यापर्यंत गेली. मग म्हणाली, "असंच मनात घेऊन मरून जाईन का वं ती?"

माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यातलं पोतं उचललं. गाडीत रुमालाचा न्याय मी नेहमी एकच करते. जो बसला त्याची सीट, रुमाल खाली. मी मिस्त्रीची थापी हातात घेतली. माझ्या अंदाजापेक्षा ती जड निघाली.

सिमेंट दुकानातून आणलं. रेती बंद होती ना? घमेलं घेऊन मी गल्लीत फिरले, आणि प्रत्येकाच्या दारात कुठल्या ना कुठल्या कामाची उरलेली थोडी थोडी रेती होती. नालीवर सगळ्यात मोठी शहाबादी फरशी टाकली. विटा घासून पुसून घेतल्या. आई उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती आणि माझ्या बापाचं पाहून तिला जेवढं येत होतं तेवढं सगळं माझ्यावर ओतत होती. "पानी जास्त झालं. अवं, ते विटीले आंधी भिजव. थापी अशी धरतेत का? पोळी लाटून राह्यली का तू?" रस्त्यावर बघे जमले. ज्यांनी आजवर एक वीट मला आणून दिली नव्हती, ते सगळे आता सल्ले देत होते. माझे हात सिमेंटनं सोलून निघाले, तरी मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी काहीतरी पुढे सरकत होतं.

पायऱ्या झाल्या. वाकड्या होत्या, पण पक्क्या होत्या. आई उंबऱ्यात बसून तांब्यानं त्यांच्यावर पाणी मारायची आणि दर वेळी विचारायची, "आता वाळल्या का? आता?" शेवटी मी स्वतः चढून उतरून पाहिलं. पाय सहज पडत होता. खालून वर, वरून खाली, अगदी झोकात. मी आईला हाक मारली.

आईनं नवं लुगडं नेसलं होतं. उंबऱ्यात उभी राहून तिनं उजवा पाय खाली सोडला. पाय पोचेना. तो तसाच हवेत राहिला, नुसती बोटं हलत होती.

"अवं, एवढी उंच?" ती म्हणाली.

मी पाहिलं आणि माझं मला कळलं. चार पायऱ्या हव्या होत्या तिथे मी दोन बांधल्या होत्या. मापानं नाही, पायाच्या अंदाजानं बांधल्या होत्या. आणि माझा पाय दिवसभर एकच पायरी चढतो उतरतो. मी माझ्या आईसाठी बसची पायरी बांधली होती. बघ्यांतला एक जण म्हणाला, "आता घंटी पन लावा, ताई," आणि सगळे हसले. मला रडू फुटायचं बाकी होतं.

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या दाराकडे. मग ती चक्क उंबऱ्यावर बसली. लुगडं गुडघ्याभोवती गोळा केलं, आणि लहान पोर उतरतं तशी बसल्या बसल्या खाली सरकली. एका पायरीवर बसली, दम खाल्ला, पुन्हा सरकली. रस्त्याला पाय लागले तेव्हा ती माझा हात धरून उभी राहिली. तिच्या नव्या लुगड्याला मागून सिमेंट लागलं होतं. कुणी हसलं नाही.

आई खालाच्या खोलीत शिरली. पलंगाच्या कडेला बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. खालानं डोळे उघडले.

"आ गये भाभी? रुसली व्हती ना?"

"रुसीन कायले व? पायऱ्या नव्हत्या."

"कौनसी पायऱ्या?"

"जाऊ दे आता," आई म्हणाली. "मी येऊन राह्यली."

आईला काय म्हणायचं होतं कोण जाणे. पण तिथे बसलेल्या मला ते त्या कोल्हापूरच्या बाबूसारखं ऐकू आलं. आले, आणि राहिले.

संध्याकाळी मी आईला न्यायला गेले. ती माझ्यासोबत आमच्या दारापर्यंत आली, पायरीकडे पाहिलं, पाय उचलला. गुडघा तेवढा वर येईना. बसून उतरता येतं, बसून चढता येत नाही. मी खालाच्या मुलाला हाक मारणार, तेवढ्यात तिनं माझा हात दाबला. "उचलाचं नाव काढू नको. मी राह्यते आज तिच्यापाशी." आणि माझ्याकडे न पाहता, रस्ता ओलांडून परत गेली. इतक्या दिवसांत मी तिला एवढं भराभर चालताना पाहिलं नव्हतं.

आई अजून पलीकडेच राहत होती, तेव्हा काही दिवसांतच मिस्त्री आला. कुणी न बोलावता, सकाळी सकाळी, मजूर घेऊन. त्याच्या थापीला कुणी हात लावला ही गोष्ट शेलूबाजारपर्यंत पोचली होती. त्याचा चेहरा उतरलेला होता. "ताई, थोडी तरी वाट पाहाची ना," तो म्हणाला. "मी येऊनच राह्यलो व्हतो." मला वाटलं होतं, समोर आला की याला सोलून काढेन. पण तेव्हा माझ्यात भांडण उरलंच नव्हतं. त्यानं माझी पायरी पाहिली आणि विचारलं, "हे उंची कोनं ठरवली?"

"माह्या गाडीनं," मी म्हटलं.

त्यानं माझं काम फोडलं. फोडायला त्याला बराच वेळ लागला, एवढं मी माझ्या समाधानासाठी पाहून घेतलं. मग त्यानं ओटा बांधला आणि सुरेख ठेंगण्या पायऱ्या बांधल्या, बाजूला धरायला लोखंडी पाइप बसवला. काम खरंच दोन दिवसांचं होतं. जाताना थापी, ओळंबा, घमेलं, सगळं घेऊन गेला.

मी नव्या ओट्यावर उभी राहून समोर हाक मारली, "माय! पायऱ्या झाल्या! चाल घरी."

पलीकडून आवाज आला, "येऊनच राह्यली!"

आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. मी डबा पलीकडे पोचवायची, घरी येऊन एकटी जेवायची. दार उघडं ठेवलं की त्यांचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू यायचं. आई बोलायची आणि खाला हं म्हणायची. काही दिवसांनी फक्त आई बोलायची.

खाला गेली तेव्हा मी गाडीवर होते. फोन आला, पण फेरी पुरी करूनच येता आलं. मी पोचले तोवर पुरुष जनाजा घेऊन गेले होते, आणि आई बायकांमध्ये खाली मान घालून बसली होती. मी तिला हाक मारली नाही. आमच्या दारात येऊन उभी राहिले.

दिवस कलताना ती निघाली. एकटीच रस्ता ओलांडला. पाइप धरून एक एक पायरी चढली. कुठे थांबली नाही, कुठे अडली नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी वेड्यासारखी म्हटलं, "जमलं ना माय? चांगल्या केल्या ना त्यानं?"

आई ओट्यावर टेकली. पायरीवरून हात फिरवला, समोरच्या दाराकडे पाहिलं.

"लय चांगल्या केल्या," ती म्हणाली. "पन आता उतरून जाऊ कोनाकडं?"

अजून ती दुपारी ओट्यावर येऊन बसते. खाली उतरत नाही. मी चाल म्हणते, देवळात जाऊ, बाजारात जाऊ, नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. ती मेथी निवडत राहते आणि मान वर न करता म्हणते, "तू व्हय पुढं. मी येऊनच राह्यली."